उंची बरोबर आहे का?

४ जानेवारी

मामा,

साष्टांग नमस्कार कागदावरच मानून घे. ऑफिसात दोन टेबलांच्या मधे आडवं व्हायला जागा नाही.

फोनवर तू "हो, बरं, ठेवतो" याच्या पुढे जात नाहीस आणि मला आज पोटभर बोलायचं आहे. म्हणून हे पत्र मालाच्या कागदांबरोबर टपालाच्या पिशवीत टाकते आहे. पिशवी तुमच्या यार्डात वजनकाट्यावर उतरते. काट्यावरचा कारकून तुला देईल.

आपल्या एका ड्रायव्हरनं मोबाइलवरचा नकाशा बघत अठरा चाकी गाडी घरांच्या गल्लीत घातली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तो नकाशा छोट्या मोटारींचा. आपल्या मागे केवढं धूड आहे हे त्याला काय ठाऊक? दोन्हीकडे भिंती, पुढे जिना, मागे यायला वाव नाही. एका आजीबाईंनी खिडकीतून हात काढून गाडीचा आरसा आत वळवून दिला. नऊ तास गाडी तिथेच. मालकांनी फोटो पाहिला तेव्हा दोन मिनिटं त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. फुटले तेव्हा आम्ही दारं लावून घेतली.

आता ठरलं आहे की खास ट्रकसाठी बनवलेलं रस्ता सांगणारं यंत्र प्रत्येक गाडीत बसवायचं. त्यात गाडीची उंची, लांबी, वजन भरलं की ते ठेंगणे पूल आणि अरुंद गल्ल्या टाळून रस्ता सांगतं. तीन कंपन्यांची यंत्रं आली आहेत. कुठलं घ्यायचं ते मी ठरवायचं. मी! जिला अजून सायकल वळवताना पाय टेकावा लागतो.

तिन्ही यंत्रं एकाच ड्रायव्हरनं चालवून बघावीत म्हणून कोण तयार आहे ते विचारलं, तर यादीत पहिलं नाव तुझं. मामा, मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. एकतीस वर्षं "रस्ता माझ्या पायाखालचा आहे, यंत्र मला काय शिकवणार" म्हणणारा तू? तीनदा नाव वाचलं. गाडीचा नंबरही तुझाच.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. ज्या ड्रायव्हरचं या यंत्राशी जमणार नाही त्याला लांबच्या गाडीवरून उतरवून गोदामात बसवायचं, असं मालक स्पष्ट म्हणाले आहेत. तुला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तेवढी दोन वर्षं तुझी गाडी तुझ्याकडेच राहावी, एवढंच माझ्या मनात आहे. तेव्हा यंत्राशी भांडू नकोस.

तुझी,
भोंगा


११ जानेवारी

भोंगाबाई,

आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस. एवढं वळणदार अक्षर मी या जन्मात काढलेलं नाही. गाडीच्या दारात उजवा अंगठा सापडला, म्हणून काट्यावरचे कारकूनबुवा लिहून घेताहेत. मी बोलतो ते जसंच्या तसं लिहायचं अशी अट घातली आहे. भला माणूस आहे, शिव्या आल्या की नुसतं टिंब देतो.

मी नाव दिलं यात पडण्यासारखं काय आहे? माणूस बदलतो. रस्ता पायाखालचा होता तेव्हा होता. आता रोज कुठे खणलेलं, कुठे वळवलेलं. शेजारी बसून कोणी सांगणारं असलं तर बिघडलं कुठे? तुझी मामी असती तर ती बसली असती. ती नाही, म्हणून यंत्र.

पहिलं यंत्र चार दिवस चालवलं. त्याचं नाव मी कुजबुजी ठेवलं आहे. त्यातली बाई अशी बोलते, जणू मागच्या खोलीत कोणी निजलं आहे. इंजिनाच्या आवाजात तिचं एक अक्षर कळत नाही. अशा बाईच्या भरवशावर चाळीस टन कोण हाकणार? नापास.

दुसरं लावलं आहे. त्याचा अहवाल पुढच्या पिशवीतून पाठवतो. जेवत जा.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

दुसऱ्याचा अहवाल मिळाला. "उशिरा शहाणी. वळण गेल्यावर वळा म्हणते" हे मी ऑफिसात मोठ्यानं वाचलं आणि हिशेबनीस बाईंना ठसका लागला. आता तिसरं. माझा जीव त्याच्यावरच आहे, कारण तेही गळालं तर मालक मलाच गल्लीत अडकवून ठेवतील.

यावेळी एक नेमका प्रश्न आहे. तिसरं यंत्र दोन मापांत मिळतं. एकाचा पडदा तळहाताएवढा, दुसऱ्याचा वहीएवढा. मोठं महाग आहे. मालक म्हणतात, मामांना विचारा, मोठ्या पडद्यानं काय फरक पडतो. तू जे म्हणशील तेच होईल, इतकं तुझ्या शब्दाला वजन आलं आहे. मला तर भारी मजा वाटते आहे.

आणि अंगठा अजून बरा नाही? तीन आठवडे झाले! डॉक्टरकडे जा, उगीच अंगावर काढू नकोस.

परवा बसमधे एक छोटी मुलगी खिडकीतून पाट्या वाचत होती आणि मला आपली केबिन आठवली. मी पाच वर्षांची, तुझ्या शेजारच्या सीटवर उशी ठेवून बसलेली. "पुढचा दगड काय म्हणतो, भोंगाबाई?" तू विचारायचास आणि मी मैलाच्या दगडावरचा आकडा ओरडायचे. शाळेत जायच्या आधी मला शंभरपर्यंत वाचता येत होतं, ते तुझ्यामुळे. दगड दिसायच्या आधी तुला आकडा ठाऊक असायचा आणि मला वाटायचं, मामाला लांबचं दिसतं.

भोंगा


२० फेब्रुवारी

भोंगाबाई,

सापडली! तिसरी बाई पास. हिचं नाव हेडबाई. आवाज खणखणीत, बोलणं वेळेवर. वळण आलं की तीनदा सांगते, लांबून एकदा, शंभर मीटरवर एकदा आणि वळणाशी पुन्हा. वेग वाढला की दरडावते. पुढे चौक आहे, पुढे उतार आहे, डाव्या रांगेत राहा, सगळं बोलून दाखवते. परवा धुक्यात सगळ्या गाड्या कडेला उभ्या होत्या आणि मी हेडबाईच्या शब्दावर हळूहळू निघून आलो. पोरं विचारत होती, मामा, तुम्हाला दिसलं कसं?

वापरायलाही सोपी. सकाळी इंजिन सुरू केलं की पडद्यावर काहीबाही येतं, उजव्या कोपऱ्यात बोट दाबलं की ते जातं आणि बाई बोलायला लागते. बस.

पडद्याचं विचारलंस. अगं, ड्रायव्हरनं रस्त्याकडे बघायचं की पडद्याकडे? सिनेमा बघायचा आहे का? छोटा घ्या आणि मालकांचे पैसे वाचवा. आवाज मोठा पाहिजे, पडदा नव्हे. हे माझं शेवटचं सांगणं.

अंगठ्याचं काय घेऊन बसलीस. म्हातारं हाड, सावकाश जुळतं.

इथे कारकूनबुवा लिहायचे थांबले होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, पेन अडलं.

मामा


६ मार्च

मामा, मामा, मामा!

"रस्त्याकडे बघायचं की पडद्याकडे?" हे तुझं वाक्य मी अहवालात पहिल्याच ओळीत घातलं. मालकांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, याला म्हणतात अनुभव! चौतीस गाड्यांना चौतीस हेडबाया, छोट्या पडद्याच्या, कालच बसल्या. आणि मला नोकरीत कायम केलं. हे तुझं देणं आहे.

तुझंही पक्कं झालं. निवृत्तीपर्यंत लांबची गाडी तुझीच. मालक स्वतः म्हणाले.

आता कामाचं. पुढच्या आठवड्यापासून तुमच्या यार्डात नव्या, उंच खोक्याच्या ट्रॉल्या येताहेत. तुझी जुनी ट्रॉली अकरा फुटांची, ही साडेतेरा फुटांची. ट्रॉली बदलली की यंत्रात उंची बदलायची. विसरू नये म्हणून रोज सकाळी पडदाच विचारतो, उंची अमुक फूट, बरोबर आहे का? बघून मगच हो म्हणायचं. ही एवढी एक गोष्ट हेडबाई बोलत नाही, लिहून दाखवते. सूचनांचा कागद सोबत आहे, तो केबिनमधे चिकटव. तुला सांगायची गरज नाही म्हणा, परीक्षा घेणारा तूच.

भोंगा


२९ मार्च

भोंगे,

तुला ऑफिसात कळलंच आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. मी गाडी पुलाला लावली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. अजून माझ्या कानातून तो आवाज जात नाही. पत्रा फाटत गेला आणि मला कळेना की हे माझ्याच मागे चाललं आहे. खाली उतरलो आणि खोक्याला हात लावला, तर फाटका पत्रा हाताशी लोंबत होता. वरचं छप्परच नव्हतं.

हेडबाईनं दगा दिला. नेहमीचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता. तिनं नव्या रस्त्यानं नेलं आणि सरळ साडेबारा फुटी पुलाखाली घातलं. खोकं साडेतेरा फुटी. एक शब्द बोलली नाही. आणि पुलावर उंचीची पाटी नाही! काय म्हणायचं या लोकांना? पाटी असती तर मी थांबलो नसतो का? तू मालकांना हे नीट सांग. पाटी नव्हती, यंत्र चुकलं.

नशीब एवढंच की रस्ता रिकामा होता. चिटपाखरू नव्हतं. गाडीचं काय, पत्रा आहे, पुन्हा ठोकता येतो.

सात तारखेला, सोमवारी, दुसरी गाडी देणार आहेत. तोवर खोलीत पडून आहे. झोप येत नाही. तू काळजी करू नकोस.

मामा


३१ मार्च

ताई,

नमस्कार. मी वजनकाट्यावरचा कारकून. आपली ओळख नाही, पण तुमचं प्रत्येक पत्र मी वाचलं आहे. मोठ्यानं, मामांना. मैलाच्या दगडांचंही.

मामांचा अंगठा बरा आहे. त्याला कधी काही झालंच नव्हतं.

हे लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटतं आहे, कारण मामांनी मला शपथ घातली होती. पण आता गप्प राहिलो तर उद्या मला माझंच तोंड बघवणार नाही. मामांना दिसत नाही, ताई. अगदी काहीच नाही असं नव्हे. समोर नळीतून बघावं तेवढं मधलं दिसतं, तेही धूसर. कडेचं सगळं गेलं आहे. काट्यावर गाडी घेताना पिवळ्या पट्ट्यावर चाक यावं लागतं. पूर्वी मामा एका झटक्यात आणायचे. गेल्या दिवाळीत पहिल्यांदा हातभर चुकले तेव्हा मला वाटलं, ट्रॉलीचाच दोष. मग रोज चुकायला लागले. मी काट्यावरच्या माझ्या केबिनच्या खिडकीतून हात हलवायचो, ते पलीकडे बघून हसायचे. एक दिवस चहा पिताना त्यांनी स्वतःच सांगितलं. म्हणाले, दोन वर्षं काढायची आहेत, बोलणारं यंत्र आलं की निघतील. तुम्ही यादी मागवली ती त्याच आठवड्यात.

यंत्रात उंची मीच भरून दिली होती, अकरा फूट, जुन्या ट्रॉलीची. तुमचा सूचनांचा कागदही मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, ट्रॉली बदलेल तेव्हा सांगीन. ज्या दिवशी बदलली त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी पडद्यानं विचारलं असेल, उंची अकरा फूट, बरोबर आहे का? मामांनी सवयीनं कोपऱ्यात बोट दाबलं. हेडबाईची काही चूक नाही. तिला जे सांगितलं होतं त्यावर ती चालली.

पंचनाम्याला मुकादमांबरोबर मी गेलो होतो. पुलावर पाटी आहे. माणसाएवढी. पिवळ्यावर काळे आकडे.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. रस्ता रिकामा नव्हता.

काल यार्डात एक बाई आली. शिवणकारखान्यात कामाला जाते. एका हाताला प्लॅस्टर, दुसऱ्या हातात सायकलचं वाकडं झालेलं चाक. पुलाच्या अलीकडे अर्ध्या मैलावर आपल्या गाडीनं तिला उडवलं. ती खड्ड्यात पडली, सायकल मागच्या चाकांखाली गेली आणि गाडी थांबलीच नाही. गाडीच्या अंगावरचं आपल्या कंपनीचं नाव तिनं वाचलं होतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं, भरपाई मागेल. तिनं मागितली नाही. ती म्हणाली, "मला फक्त त्या ड्रायव्हरला विचारायचंय. मी वळून बघितलं, तर त्यानंही माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि तरी गाडी अंगावर आणली. मी त्याचं काय वाकडं केलं होतं?"

मामा खोलीत होते, वीस पावलांवर. मी तिला म्हणालो, ते बाहेरगावी गेलेत.

मामांना ती बाई अजून माहीत नाही. सोमवारी त्यांना गाडी मिळणार आहे. ताई, काय करायचं ते तुम्ही करा. मला धीर होत नाही.

काट्यावरचा कारकून


३ एप्रिल

मामा,

हे पत्र तुला कारकूनच वाचून दाखवतो आहे, हे मला माहीत आहे. त्याच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर पत्र संपेपर्यंत थांब. आणि तुम्ही, कारकूनदादा, एकही ओळ गाळू नका.

त्याचं पत्र काल मिळालं. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. येणारेजाणारे विचारत होते, काय झालं, कोण गेलं? मी काय सांगणार होते?

सोमवारी तुला चावी मिळणार नाही. मी मुकादमांना फोन करून ती अडवली आहे. तुझ्या मुलीसारखी असून अडवली आहे, म्हणूनच अडवली आहे. मालकांनाही सगळं सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "त्याला आधी डॉक्टरकडे ने."

मामा, रस्ता रिकामा नव्हता. पुलाच्या आधी, डाव्या बाजूला, एक बाई सायकलवरून कामाला चालली होती. तुझ्या गाडीनं तिला उडवलं. ती जिवंत आहे. मनगट मोडलं आहे. ती यार्डात येऊन गेली, तुझ्या खोलीपासून वीस पावलांवर. ती म्हणते, तू तिच्या डोळ्यांत सरळ बघितलंस आणि तरी गाडी आणलीस. चार दिवस ती हेच विचारत फिरते आहे की मी याचं काय वाकडं केलं होतं.

तू इतका मोठा खोटारडा असशील हे मला स्वप्नातही खरं वाटलं नसतं. मी तुला रागानं लिहिते आहे आणि रडतेही आहे, दोन्ही एकदम. मला सांगायचंस ना रे! गोदामात बसवतील याची एवढी भीती? ती बाई अर्धा हात उजवीकडे असती तर?

पण तुझे तिन्ही अहवाल रात्री पुन्हा काढून वाचले आणि माझीच मला भीती वाटली. आवाज, आवाज, आवाज. तीन अहवालांत पडद्यावर काय दिसतं याबद्दल "काहीबाही येतं" यापलीकडे एक शब्द नाही. मी ते तीनदा वाचले होते, टंकून मालकांपुढे ठेवले होते आणि त्यावर कायमची नोकरी मिळवली होती. तुला निदान दिसत नव्हतं. मला काय झालं होतं?

आणि ऐक. आज सकाळपासून मी बाकीच्या तेहेतीस ड्रायव्हरांना फोन केले. विचारलं, छोट्या पडद्यावरचं वाचता येतं का? नऊ जण म्हणाले, अक्षर फार बारीक आहे, सकाळचा तो प्रश्न वाचताच येत नाही, आम्ही कोपऱ्यात बोट दाबतो. नऊ! मी विचारलं, मग बोलला का नाहीत? एकजात सगळ्यांचं एकच उत्तर. मामांनी पास केलंय म्हटल्यावर आम्ही कोण बोलणार?

नऊही गाड्या आज थांबवल्या आहेत. प्रत्येक ट्रॉलीची उंची आता काट्यावर कारकून मोजेल आणि ड्रायव्हरसमोर मोठ्यानं वाचेल, मगच फाटक उघडेल.

तू काय करायचं ते मी सांगणार नाही. तुला सांगायची माझी पायरी नाही. पण तिला उत्तर मिळायला हवं, आणि ते तुझ्याशिवाय कोणाकडे नाही.

तुझीच,
भोंगा


२६ एप्रिल

भोंगा,

हे मी लिहितो आहे. माझ्या हातानं. एका पानावर सहा ओळी बसतात. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे.

तुझं पत्र कारकुनानं वाचलं. एक ओळ गाळली नाही. मी त्याला शिवी दिली नाही. उठून बाहेर गेलो आणि फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिलो. मला त्या सकाळचा एक आवाज आठवला. पुलाच्या आधी काहीतरी वाजलं होतं, डबा पडल्यासारखं. मला वाटलं, ट्रॉलीची साखळी. मी थांबलो नाही. आता तो आवाज पुलाच्या आवाजापेक्षा मोठा झाला आहे.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलं ते परत येत नाही. उरलं आहे ते थेंब घालून टिकवायचं. दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं, म्हणाले. दोन वर्षांपूर्वी मला माहीत होतं, भोंगा. मैलाचा दगड दिसेनासा झाला तेव्हाच. दगड कुठे आहेत ते पाठ होतं, म्हणून चालवत राहिलो. मग धीर आला. तो धीर नव्हता.

लायसन्स परत केलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, नूतनीकरण का? मी म्हटलं, नाही.

मग तिच्याकडे गेलो. कारकून बरोबर होता. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना चिंचोळा. तिनं दार उघडलं आणि ओरडली, हाच तो. तिची मुलगी धावत आली. मी हात जोडले, पण ते तिच्या बाजूला, दाराच्या चौकटीला जोडले गेले.

मग तिनं विचारलं, "तुम्हाला मी दिसले नाही?"

मी म्हटलं, "नाही. मला दिसत नाही."

भोंगा, हे वाक्य मी पहिल्यांदाच कोणाला म्हटलं. कारकुनालाही मी "कमी दिसतं" एवढंच म्हटलं होतं.

मला वाटलं, ती दार लावून घेईल. पण ती रडायला लागली. म्हणाली, "मला वाटलं, मी कोणी नव्हतेच तुमच्या लेखी." मग पुन्हा चिडली. म्हणाली, आंधळा माणूस गाडी चालवतो? तुम्हाला लाज नाही? मी म्हटलं, होती, म्हणूनच लपवलं. ती म्हणाली, असली लाज काय कामाची? तिनं माफ केलं नाही आणि मी मागितलीही नाही. निघताना जिना उतरू लागलो तर मागून म्हणाली, डावीकडे कठडा आहे, धरा.

सायकल नवी पोचवली आहे. तिचं मनगट बरं होईपर्यंत ती भिंतीला उभी राहील.

मालक गोदामात ये म्हणतात. जातो. इतके दिवस ज्याला घाबरलो ते गोदाम आत जाऊन बघितलं. खोली आहे. चार भिंती आहेत. बसता येतं.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला बावीस दिवस लागले. रोज एक ओळ लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी ती सापडायची नाही.

आता तू लिही. कारकुनाला मधे घालू नकोस. मैलाच्या दगडावर असतं तेवढं अक्षर काढ, काळ्या शाईनं. एका पानावर एकच शब्द मावला तरी चालेल. मी वाचीन.

मामा